यंत्रास शब्द शिकविणाऱ्या ग्रेस हॉपरबाई

सांप्रत आमच्या शाळांतून संगणक आले आहेत. निबंध टंकून झाला की तो जतन करण्याची आज्ञा देणे हे आता पाचवी-सहावीतील मुलांच्याही अंगवळणी पडले आहे. एक कळ दाबली की काम झाले, असे आपणांस वाटते. परंतु ती कळ दाबल्यानंतर यंत्राच्या पोटात नेमके काय घडते? निबंधाची अक्षरे तबकडीवर कोण नेऊन ठेवतो? आणि ती तेथे खरोखरच पोचली, हे कशावरून समजावयाचे? प्रश्न लहान दिसतात; पण यंत्राने आपले काम नीट लिहून ठेवावे आणि माणसाने त्यास ते सोप्या शब्दांत सांगावे, एवढे साधण्यासाठी कित्येक बुद्धिमान माणसांची आयुष्ये वेचली गेली आहेत. त्यांपैकी एका थोर विदुषीचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ग्रेस ब्रूस्टर मरे ह्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी झाला. वडील विमा व्यवसायात होते. रक्तवाहिन्यांच्या विकाराने पुढे त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. पण ते हिंमत हरले नाहीत, आणि आपल्या मुलींनी मुलाइतकेच शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहावे हा त्यांचा आग्रह कायम राहिला. आईला गणिताची मनापासून आवड होती. ग्रेस सात वर्षांची असताना घरातील गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी तिने ते उघडले. सुटे झालेले भाग पुन्हा जुळेनात, म्हणून तिने दुसरे घड्याळ उघडले; मग तिसरे. असे करता करता घरातील सातही घड्याळे खोलून झाली! आईने तिला शिक्षा केली नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करावा, एवढीच ताकीद दिली. वस्तूच्या आत डोकावून पाहण्याची ही खोड बाईंना जन्मभर पुरली.

सगळेच काही सुरळीत झाले असे मात्र नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी व्हॅसार महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी त्या बसल्या, तेव्हा लॅटिन विषयात त्यांस अपयश आले व एक वर्ष थांबावे लागले. दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळवून १९२८ साली त्यांनी गणित व पदार्थविज्ञान या विषयांत पदवी घेतली. पुढे येल विद्यापीठातून १९३० साली एम. ए. आणि १९३४ साली गणितातील डॉक्टरेट त्यांनी संपादन केली. १९३१ पासून त्या व्हॅसार येथेच गणित शिकवू लागल्या. व्हिन्सेंट फॉस्टर हॉपर ह्यांच्याशी त्यांचा विवाह १९३० साली झाला होता. तो १९४५ साली संपुष्टात आला. हॉपर हे नाव मात्र त्यांनी अखेरपर्यंत चालविले.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. बाईंचे पणजोबा आरमारात मोठे अधिकारी होते. आपणही आरमारात जावे असे त्यांनी ठरविले. पण वय छत्तिसाच्या पुढे गेलेले, आणि शरीर इतके कृश की आरमाराने ठरविलेल्या किमान वजनाहून ते पंधरा पौंडांनी कमी भरले. शिवाय गणिताच्या प्राध्यापकांची देशाला त्यांच्या जागीच अधिक गरज आहे, असे अधिकाऱ्यांचे मत होते. बाईंनी चिकाटी सोडली नाही. विशेष परवानगी मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या आरमाराच्या राखीव दलात दाखल झाल्या, आणि प्रशिक्षणाच्या वर्गात पहिल्या आल्या.

जहाजाऐवजी त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील एका गणकयंत्रावर झाली. २ जुलै १९४४ रोजी त्या तेथे रुजू झाल्या. हॉवर्ड एकन ह्यांच्या कल्पनेतून साकारलेले मार्क-एक हे ते यंत्र. सुमारे ५१ फूट लांब, ८ फूट उंच, पाच टनांच्या घरात वजन आणि साडेसात लाखांवर सुटे भाग! एका बेरजेस त्यास सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा लागे आणि गुणाकारास सहा सेकंद. आजच्या मानाने ही गती गोगलगायीची. पण त्या काळी माणसांच्या तुकडीला महिनोन्महिने लागणारी कोष्टके हे यंत्र रात्रंदिवस चालून तयार करी.

ह्या यंत्रास आज्ञा देण्याची रीत अशी होती : कागदाच्या लांब पट्टीवर भोके पाडावयाची, आणि ती पट्टी यंत्रातून पुढे सरकवावयाची. भोकांच्या प्रत्येक ओळीत एक बारीकशी आज्ञा असे. उत्तर लिहून देण्यासाठी यंत्राला विजेची टंकयंत्रे आणि कार्डांना भोके पाडणारे साधन जोडलेले होते. परंतु यंत्र आपण होऊन काहीच लिहीत नसे. कोणत्या ठिकाणची संख्या उचलावयाची, ती कोठे न्यावयाची, टंकयंत्र केव्हा सुरू करावयाचे, हे सारे माणसानेच पायरीपायरीने सांगावयाचे. एखादे भोक चुकले की उत्तर चुकीच्या जागी उमटावयाचे, किंवा उमटावयाचेच नाही. ह्या यंत्राचे पाचशेंहून अधिक पृष्ठांचे माहितीपुस्तक बाईंनी मुख्यतः स्वतः लिहून काढले. ते १९४६ साली प्रसिद्ध झाले.

त्याच प्रयोगशाळेतील एक गोष्ट पुढे जगभर पसरली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क-दोन हे नवे यंत्र अडले. चालकांनी शोध घेतला, तेव्हा एका विद्युत-कळीत अडकलेला पतंग सापडला. यंत्रातील दोषाला कीटक या अर्थाचा बग हा शब्द इंजिनियर मंडळी आधीपासूनच वापरीत असत. येथे तर खराच कीटक हाती लागला! त्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून खाली गमतीची नोंद केली. ती वही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या संग्रही आहे. पतंग शोधणाऱ्या बाई स्वतः नव्हत्या. पण ही हकीकत त्या आयुष्यभर मोठ्या रसाने सांगत असत. विद्यार्थ्यांनी येथे एक ध्यानात घ्यावे : त्या चालकांनी घडले ते घडल्या दिवशी, वेळेसह लिहून ठेवले, म्हणूनच ते आपणांस आज कळते.

१९४९ साली बाईंनी हार्वर्ड सोडले आणि फिलाडेल्फिया येथील एकर्ट-मॉकली कंपनीत त्या दाखल झाल्या. तेथे युनिव्हॅक हे यंत्र बांधले जात होते. कागदाच्या पट्टीऐवजी त्यात धातूची चुंबकीय टेप होती, आणि कोष्टकांखेरीज याद्या, हिशेब, पगारपत्रके ह्यांसाठीही त्याचा उपयोग व्हावयाचा होता. टेपवर लिहिण्याची त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. गवंड्याच्या हाताखालचा मजूर एकेक वीट घेऊन शिडी चढत नाही. घमेले भरले की तो वर जातो. युनिव्हॅक तसेच करी. बारा अक्षरांचा एक शब्द, असे साठ शब्द, म्हणजे ७२० अक्षरे एका राखीव जागेत गोळा होत. आणि ती जागा भरली की सर्व अक्षरे एकदम टेपवर उतरत. टेप चालू असता यंत्राचा गणिती भाग पुढचे काम करू शके. जेथे गणित विजेच्या वेगाने होते आणि लेखन यांत्रिक वेगाने, तेथे मध्ये असे घमेले ठेवावेच लागते. आजच्या संगणकांतही हीच युक्ती निराळ्या रूपात नांदते आहे.

परंतु आज्ञा लिहिणाऱ्यांचे हाल संपले नव्हते. एका कामासाठी तयार केलेला आज्ञांचा तुकडा दुसऱ्या कामात हवा असला, तर तो वहीतून पाहून हाताने उतरवून घ्यावा लागे. उतरवताना इंग्रजी चारच्या आकड्याचा त्रिकोण होई, बी ह्या अक्षराचा तेरा होई. शिवाय तुकडा नव्या जागी बसविताना त्यातील प्रत्येक स्थानक्रमांकात बेरीज करावी लागे, आणि त्या बेरजाही चुकत. माणसांना बिनचूक नक्कल करता येत नाही आणि बिनचूक बेरीजही करता येत नाही, हे बाईंनी जवळून पाहिले. नक्कल आणि बेरीज ह्या दोन गोष्टी तर यंत्रास उत्तम येतात. मग हे काम यंत्राकडेच का सोपवू नये?

ह्या विचारातून १९५२ साली ए-शून्य ही योजना तयार झाली. परीक्षा होऊन बिनचूक ठरलेले आज्ञांचे तुकडे बाईंनी टेपवर साठविले, आणि प्रत्येकास एकेक क्रमांक दिला. आता लिहिणाऱ्याने सगळा तुकडा उतरवावयाचा नाही. नुसता त्याचा क्रमांक आणि त्यास लागणारी माहिती द्यावयाची. यंत्र टेपवरून तो तुकडा स्वतः शोधून काढी, योग्य जागी बसवी आणि सर्व तुकडे जोडून एक अखंड आज्ञावली तयार करी. हाका मारावी आणि जाणत्याने येऊन काम करावे, तसेच हे झाले. यंत्राचे काम केवळ अंकगणित, आज्ञावली रचणे त्याच्या आवाक्याबाहेरचे, असे त्या वेळी जाणकारही मानीत. आणि चालत असलेली वस्तू समोर असूनही पुष्कळ दिवस कोणी तिच्याकडे वळले नाही, असा बाईंचा अनुभव होता.

त्यापुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. कचेरीत हिशेब पाहणाऱ्या माणसाला गणिती चिन्हे परकी वाटतात. त्याला शब्द जवळचे. तेव्हा आज्ञा शब्दांतच का लिहू नयेत? बाईंचे म्हणणे असे, की यंत्राला भाषेचा अर्थ कळावा लागत नाही. शब्द म्हणजे अक्षरांचा ठरावीक आकृतिबंध; तो ओळखून त्याच्या जागी योग्य तो आज्ञांचा तुकडा बसविला की झाले. हे पटवून देण्यासाठी १९५५ च्या सुमारास त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे एक लहानशी आज्ञावली इंग्रजी शब्दांत ठेवली, आणि तीच पुढे फ्रेंच व जर्मन शब्दांतही करून दाखविली. परिणाम अगदी उलटा झाला! पेन्सिल्व्हेनियात बांधलेल्या अमेरिकन यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कळावी, ही कल्पनाच अधिकाऱ्यांना विपरीत वाटली. यंत्रास फक्त इंग्रजीच शिकविण्यात येईल, असे आश्वासन देण्यात मग कित्येक महिने गेले.

ह्या प्रसंगाचे आम्हांस फार महत्त्व वाटते. आमच्या ह्या भागातील मुले घरी कोंकणी वा मराठी बोलतात, बाजारात आणखी एखादी भाषा ऐकतात आणि कचेरीत तिसरी वाचतात. यंत्र हे इंग्रजीचेच, आपल्या भाषेचे तेथे काम नाही, असा एक न्यूनगंड त्यांच्या मनात नकळत घर करतो. ज्या विदुषीने यंत्रास शब्द शिकविले, तिला तर आरंभापासूनच हे ठाऊक होते की यंत्राच्या लेखी सर्व भाषा सारख्याच परक्या आणि सारख्याच सोप्या आहेत. इंग्रजी तेथे रुजली ती माणसांच्या सोयीने व संकोचाने; यंत्राच्या स्वभावाने नव्हे.

शब्दांवर चालणारी ही पद्धत पुढे फ्लो-मॅटिक या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या माहितीपुस्तकातील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. एका फाइलीत मालाची यादी, दुसरीत मालाचे दर. दोन्ही ताडून किंमत लावलेल्या मालाची तिसरी फाइल लिहावयाची आणि ज्याचा दर सापडत नाही त्याची चौथी. आज्ञा सरळ : नोंद वाचा, मालाचा क्रमांक ताडून पाहा, नोंद लिहा, आणि शेवटी फाइली बंद करा. टेप कोठे फिरते, ७२० अक्षरांचे घमेले केव्हा भरते, हे लिहिणाऱ्याने पाहावयाचे नाही. ते खालच्या थरातील आज्ञांचे तुकडे पाहतील. फाइल बंद करा ही शेवटची आज्ञा मात्र विसरून चालत नसे. घमेले अर्धेच भरलेले असेल, तर त्यातील उरलेल्या विटाही वर पोचवावयाच्या आणि फाइल येथे संपली अशी खूण करावयाची, हे काम त्या आज्ञेचे. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस मोर्तबाचा शिक्का उमटवीत, त्यावरून मजकूर तेथेच संपला हे वाचणाऱ्यास कळे. तसाच हा प्रकार.

१९५९ सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने एक बैठक भरली. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी व्यवहारोपयोगी एकच भाषा असावी, असे तीत ठरले. ह्यातून कोबोल ही भाषा जन्मास आली. कोबोलची प्रत्यक्ष रचना एका समितीतील अनेक स्त्रीपुरुषांनी केली. बाई सल्लागार होत्या. परंतु समितीपुढे मुख्य आदर्श होता तो त्यांच्या फ्लो-मॅटिकचा. कोबोलमध्ये फाइल कोणत्या उपकरणावर आहे हे एका भागात सांगतात, तिच्यातील नोंदींचे स्वरूप दुसऱ्या भागात, आणि उघडा, लिहा, बंद करा ह्या आज्ञा तिसऱ्याच भागात. त्यामुळे यंत्र बदलले तरी सर्व काही पुन्हा लिहावे लागत नाही. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली दोन भिन्न कंपन्यांच्या यंत्रांवर, किरकोळ फेरफार करून, चालवून दाखविण्यात आली, तेव्हा अनेकांचा संशय फिटला.

आता लिहा ह्या एका शब्दाच्या मागे आजच्या संगणकात काय घडते, ते पाहू. प्रारंभी यंत्रावर एका वेळी एकच आज्ञावली चाले. पुढे एकाच यंत्रावर अनेक आज्ञावल्या नांदू लागल्या, आणि त्या सर्वांनी एकाच तबकडीवर मनास येईल तेथे लिहिले तर एकीची नोंद दुसरी पुसून टाकील, अशी भीती उत्पन्न झाली. म्हणून सर्वांवर देखरेख करणारी ऑपरेटिंग सिस्टीम आली. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या घराण्यांतील मंडळींस दप्तरखान्याची व्यवस्था ऐकून ठाऊक असेल. तेथे वाटेल त्याने आत शिरून रुमाल सोडावेत, अशी मोकळीक नसे. कागद दप्तरदाराच्या हाती द्यावा. त्याने अधिकार पाहून तो योग्य त्या रुमालात बांधून ठेवावा. ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकाची दप्तरदार होय. आज्ञावली तबकडीला स्वतः हात लावीत नाही. ती दप्तरदारास विनंती करते. ह्या विनंतीस सिस्टीम कॉल असे म्हणतात.

१९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी घडविलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ह्या विनंत्या फार आटोपशीर आहेत : उघडा, वाचा, लिहा, बंद करा. उघडा असे म्हटले की दप्तरदार अधिकार तपासून एक लहानसा अंक देतो. यापुढे त्या फाइलीची ओळख तोच अंक. लिहा असे म्हणताना तीन गोष्टी सांगावयाच्या : तो अंक, अक्षरे स्मृतीत कोठे आहेत ते ठिकाण, आणि किती बाइट लिहावयाचे ती संख्या. त्या क्षणी आज्ञावली थांबते, आणि ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या विशेष अधिकाराने काम हाती घेते. ती अक्षरे आपल्या ताब्यातील स्मृतीत उतरवून घेते, आणि किती बाइट स्वीकारले तो आकडा पोच म्हणून परत देते. शाळा हा आपला शब्द घ्या. श, काना, ळ, काना अशी ही चार चिन्हे. युनिकोडच्या आजच्या सर्वत्र रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण बारा. पोच बाराची आली तर ठीक. कमी आली तर उरलेले पुन्हा द्यावे लागतात. आणि जागा संपली असेल तर पोचेऐवजी नकार येतो. जी आज्ञावली ही पोच पाहत नाही, ती वाचकाचा निबंध हरवते आणि तिला त्याचा पत्ताही लागत नाही! गमतीची गोष्ट अशी, की ह्या विनंत्यांनाही यंत्राच्या आत क्रमांकच असतात. बाईंच्या १९५२ च्या क्रमांकांवरूनच हे घेतले असे आम्ही म्हणत नाही. पण विचार एकाच कुळातला आहे.

परंतु पोच मिळाली म्हणजे अक्षरे तबकडीवर उतरली, असेही समजू नये. ह्याचे कारण कळण्यासाठी बाईंचीच एक वस्तू उपयोगी पडते. व्याख्यानास जाताना त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारांचे तुकडे बरोबर नेत व श्रोत्यांस वाटत. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागात, म्हणजे एका नॅनोसेकंदात, वीज फार तर एवढेच अंतर काटू शकते, हे त्यांस डोळ्यांनी दाखवावयाचे असे. ह्याच मापाने मोजू. संगणकाच्या स्मृतीत काही ठेवण्यास शंभर नॅनोसेकंद धरले, तर तारेची लांबी होते ३० मीटर; आपल्या शाळेचे पटांगण तेवढे असते. फिरत्या तबकडीवर योग्य जागा सापडण्यास सेकंदाचा शंभरावा भाग धरला, तर तार होते ३,००० किलोमीटर. जवळजवळ काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत! म्हणून दप्तरदार प्रत्येक कागद लगेच रुमालात बांधीत नाही. तो तो जवळ ठेवतो, आणि सवडीने, काही सेकंदांनी, अनेक कागद एकदम तबकडीवर नेतो. युनिव्हॅकचे घमेले ते हेच. मधल्या वेळात वीज गेली, तर पोच मिळालेली अक्षरेही नाहीशी होऊ शकतात. फाइल बंद केल्यानेही हा धोका पुरता टळत नाही. जेथे खातेदाराच्या पैशाचा प्रश्न असतो, तेथे आज्ञावली आणखी एक निराळी विनंती करते : आताच्या आता तबकडीवर उतरवा, आणि उतरल्यावरच मला सांगा. ह्या विनंतीस वेळ लागतो, पण तिच्याशिवाय विश्वास ठेवता येत नाही.

सांगितले आणि झाले ह्यांतील अंतर ओळखणे, हेच बाईंच्या उत्तर आयुष्यातील काम ठरले. १९६६ च्या अखेरीस वयोमानामुळे आरमाराने त्यांस निवृत्त केले. निरोप घेताना त्यांस फार वाईट वाटले. परंतु सात महिन्यांतच, ऑगस्ट १९६७ मध्ये, आरमाराने त्यांस पुन्हा बोलाविले. कोबोल एक असली तरी प्रत्येक कंपनीची कोबोल थोडी थोडी निराळी होऊ लागली होती, आणि आरमाराच्या कचेऱ्यांत गोंधळ माजला होता. आमची कोबोल प्रमाण आहे, हे कंपनीचे म्हणणे बाईंनी नुसते ऐकून घेतले नाही. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी परीक्षेच्या आज्ञावल्या तयार केल्या. त्या बिनचूक चालल्या तरच भाषा प्रमाण. सहा महिन्यांसाठी म्हणून आलेल्या बाई मधला थोडा काळ वगळता जवळजवळ वीस वर्षे राहिल्या. त्यांच्या कचेरीतील भिंतीवर उलट दिशेने फिरणारे घड्याळ टांगलेले असे. नेहमीची रीत ती एकमेव रीत नव्हे, हे येणाऱ्याजाणाऱ्यास त्यावरून कळावे. बालपणी सात घड्याळे खोलणाऱ्या मुलीस हे शोभण्यासारखेच होते.

१९८३ साली त्यांस कमोडोर हे पद मिळाले, आणि १९८५ पासून त्या रिअर अॅडमिरल म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, बॉस्टन येथील कॉन्स्टिट्यूशन ह्या ऐतिहासिक युद्धनौकेवर त्यांचा निवृत्तिसमारंभ झाला. त्या वेळी अमेरिकन आरमाराच्या चालू सेवेतील त्या सर्वांत वयोवृद्ध अधिकारी होत्या. त्यानंतरही घरी न बसता त्यांनी एका संगणक कंपनीत सल्लागाराचे काम धरले आणि गावोगाव व्याख्याने दिली. तरुण मुलांस शिकविले, हेच आपले खरे काम, असे त्या मानीत. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे देहावसान झाले. आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांस लष्करी इतमामाने निरोप देण्यात आला. पुढे आरमाराच्या एका विनाशिकेस त्यांचे नाव देण्यात आले, आणि २०१६ साली राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक त्यांस मरणोत्तर अर्पण करण्यात आले. बँका व विमा कंपन्या ह्यांच्या कितीतरी हिशेबी आज्ञावल्या आजही कोबोलमध्ये लिहिलेल्या आहेत. महिन्याच्या महिन्यास कोणाकोणाच्या खात्यात पगार, निवृत्तिवेतन जमा होते; त्या नोंदी लिहिणाऱ्या आज्ञांत उघडा, लिहा, बंद करा हेच शब्द असतात.

हे चरित्र आम्ही का सांगितले, ते थोडक्यात लिहून हा लेख पुरा करतो. बाईंची बुद्धी असामान्य होती, हे खरे. पण अपयशानंतर पुन्हा परीक्षेस बसण्याची तयारी आणि जाणत्यांनी अशक्य ठरविलेली गोष्ट करून दाखविण्याची हिंमत, ह्या दोन गोष्टी कोणासही साध्य आहेत. त्यांच्यापासून आणखी दोन सवयी घेता येतील. पहिली अशी, की दुसऱ्याकडे काम सोपवावयाचे तर ते स्वच्छ शब्दांत सांगावे, मग तो दुसरा माणूस असो वा यंत्र; आणि ते शब्द आपल्या भाषेतले असण्यात काही उणे मानू नये. दुसरी अशी, की सांगितले म्हणजे झाले असे समजून स्वस्थ बसू नये. पोच पाहावी, आणि काम महत्त्वाचे असेल तर ते शेवटपर्यंत पोचल्याची खात्री करून घ्यावी. आमच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींपैकी कोणी पुढेमागे मराठी शब्दांत आज्ञा घेणारी एखादी भाषा रचील, किंवा लाखो लोकांच्या नोंदी सुरक्षित ठेवणारी आज्ञावली लिहील. तोवर संगणकावर आपला निबंध जतन करताना त्यांनी क्षणभर थांबावे, तो खरोखरच जतन झाला की नाही हे पडताळून पाहावे, आणि मगच यंत्र बंद करावे.